पुनवेचा ठिपका

आधीच सांगून टाकतो, यातलं सगळं मला नीट आठवतंय याची खात्री नाही. कोण आधी बोललं, कोण नंतर, यात माझी गल्लत होत असेल. पण साठ-सत्तर वर्षांत फायली वाळवीने खाल्ल्या, आणि किस्से मात्र दारामागे जुन्या छत्र्या साठाव्यात तसे साठत गेले. एक उघडावी तर चार अंगावर पडतात!

पन्नासच्या दशकाच्या शेवटी डहाणूला आमचं छोटं संशोधन केंद्र होतं. कौलारू घर, तीन टेबलं आणि माणसंही तीनच. आमचे प्रमुख, त्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणायचो. आलेख काढणारे ड्राफ्ट्समन परुळेकर. आणि शिष्यवृत्तीवर जगणारा, सदा घाबरलेला मी. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “शब्दाला वकील लागतो. आलेख स्वतः साक्ष देतो!”

*

ही साक्ष पहिल्यांदा उलटली ती जवळच्या सायवन गावात.

तिथले शेतकरी वर्षभर काय खातात, याची पाहणी आम्ही केली होती. परुळेकरांनी सुरेख वर्तुळ काढून त्याचे तुकडे पाडले होते. सर ते घेऊन तिथल्याच एका शेतकऱ्याच्या, जान्याकाकांच्या ओट्यावर बसले. “काका, ही तुमची वर्षाची भाकरी समजा. हा तुकडा भाताचा, हा नागलीचा, हा डाळीचा.”

जान्याकाकांनी उरलेल्या मोठ्या तुकड्यावर बोट ठेवलं. “आणि हा?”

“तो ‘इतर’.”

काका विचारात पडले. घरात डोकावून बायकोला विचारून आले. मग म्हणाले, “सायेब, या नावाचा आमच्यात कोणी नाय. एवढी भाकरी खातो, हा इतर कुठल्या पाड्यावरचा?”

तो तुकडा रानातल्या कंदांचा आणि भाज्यांचा होता. आम्ही त्याबद्दल विचारलंच नव्हतं! सरांनी पाहणी पुन्हा केली. तेव्हापासून केंद्रात काही हरवलं की परुळेकर म्हणायचे, “इतराने खाल्लं असेल.”

*

तलासरीकडचे एक अधिकारी भाताच्या उत्पादनाचा आलेख घ्यायला आले. रेघ वर जात होती, पण अगदी सावकाश. साहेबांचा चेहरा पडला. “प्रगती दिसत नाही हो यात!”

परुळेकर शांतपणे म्हणाले, “साहेब, महालक्ष्मीचा डोंगर डहाणूहून बोटाएवढा दिसतो. पायथ्याच्या कासाला गेलात की मान वर करावी लागते. डोंगर तोच. मी हा डहाणूहून काढलाय.”

साहेब उठून उभे राहिले. “मग कासाहून काढा ना!”

*

डहाणूच्या दमट हवेत परुळेकरांची काळी शाई वाळता वाळत नसे. त्यांनी उपाय काढला. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या काठ्या होत्या, त्यांवर बोंबलांच्या रांगेत आलेख चिमट्याने अडकवायचे. शाई दोन तासांत खडखडीत!

महिन्याभराने त्रैमासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं. “निबंध पोचला. आलेख मांजराने नेले. कृपया दुसरे पाठवावेत.”

*

आता माझा किस्सा.

भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवतात त्या डोलीच्या जाळ्यात रोज किती पाट्या मासळी येते, याची मी आठ महिने नोंद ठेवली होती. माझी शिष्यवृत्ती पुढे चालू राहणं या एका निबंधावर होतं. आलेख काढला तर नुसता गुंता. परुळेकर म्हणाले, “हा आलेख नाही, तुमचं हस्ताक्षर आहे.”

तेवढ्यात हिराबाई आली. तिच्या घरची होडी होती, आणि आम्हाला मासळीही तीच द्यायची. पाटी उतरवून तिने कागद पाहिला. “खाली काय लिवलंस?”

“तारखा.”

“समुद्राला तारीख कोण सांगतं रे? तिथी टाक!”

तिथी टाकली. आणि त्या गुंत्यातून दोन डोंगर उभे राहिले! अमावास्या-पुनवेला उधाण, पाण्याला ओढ, जाळी भरलेली. अष्टमीच्या सुमाराला भांगाची मंद भरती, पाणी सुस्त, जाळी रिकामी. मी आनंदाने नाचायचाच बाकी होतो.

फक्त एक ठिपका चुकार निघाला. पुनवेचा दिवस, आणि मासळी शून्य.

हिराबाईने त्यावर बोट टेकवलं. “ही माघाची पुनव ना? त्या दिशी माझा सासरा गेला. बंदरातली एक होडी पाण्यात गेली नाय.” मग एकदम हसली. “जल्मात कधी कागदावर नाव नाय लागलं म्हाताऱ्याचं. आता लागलं बघ!”

ती गेल्यावर मी त्या ठिपक्याकडे बघत बसलो. परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवणार. मग शिष्यवृत्ती गेली. मी परुळेकरांना म्हणालो, “एवढा एक ब्लेडने खरवडून टाका.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचा निबंध, तुमची सही,” म्हणाले आणि ब्लेड काढलं. मला ते बघवेना. मी बाहेर गेलो. प्रुफंसुद्धा त्यांनाच तपासायला सांगितली.

निबंध गाजला. शिष्यवृत्ती टिकली. मला दूरच्या कॉलेजात नोकरी लागली. निघताना हिराबाईने सुक्या बोंबलांची पुडी दिली आणि विचारलं, “म्हातारा छापून आला काय रे?”

मी “हो” म्हणालो.

निबंधाच्या छापील प्रतींचा गठ्ठा नव्या पत्त्यावर आला. मी तो सुतळीसकट माळ्यावर टाकला. तीन घरं बदलली, तीनही माळ्यांवर तो तसाच गेला. पुढे परुळेकर गेले, हिराबाई गेली. डहाणूला मी पुन्हा कधी उतरलो नाही.

निवृत्तीनंतर एका दुपारी चष्मा पुसला, आणि सुतळी कापली.

ठिपका जागेवर होता. बाकीच्या ठिपक्यांपेक्षा जरा ठळकच.