घाटघरला संपलेला सेल

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. रविवारी सकाळी सहाला मी गाडी बाहेर काढली, तेव्हा नवरा गॅलरीत उभा राहून हात हलवत होता आणि चेहऱ्यावरची काळजी लपवत होता. पुण्याबाहेर एवढ्या लांब मी पहिल्यांदाच गाडी नेत होते. माझं वय पंचेचाळीस, लायसन्स नऊ महिन्यांचं आणि गाडी चार महिन्यांची. चार महिन्यांची म्हणजे आमच्याकडे येऊन चार महिने; त्याआधी ती कुणा दुसऱ्याच्या हातची होती. शेजारच्या सीटवर माझ्या मोठ्या नणंद, सुमनवन्सं. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. नाणेघाट बघायची त्यांची जुनी इच्छा होती आणि मला गाडी चालवायला निमित्त हवं होतं.

या गाडीत मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर तिचा रिमोट. आधीच्या मालकानं बाहेरून बसवून घेतला होता. बटण दाबलं की चारी दारं एकदम बंद, दिवे लुकलुकणार आणि 'टुक-टुक' असा आवाज. घरून मी तो उगाचच दाबायची. भाजी निवडता निवडता खिडकीतून दाबायची, गाडी खालून उत्तर द्यायची. आठवडाभर मात्र ती उत्तर द्यायला आळस करत होती. आधी तिसऱ्या मजल्यावरून ऐकायची, आता अगदी जवळ जावं लागे. मला वाटलं, थंडी पडली म्हणून असेल.

मंचरला चहासाठी थांबलो. कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रक एकामागे एक लागलेले, हवेत कांद्याचा आणि डिझेलचा मिळून एक दणकट वास. चहा पिऊन आलो तर गाडी उघडेना. चौथ्यांदा दाबल्यावर उघडली. शेजारी टेम्पोच्या टपावर दोरी आवळत बसलेला एक ड्रायव्हर वरूनच म्हणाला, "ताई, सेल संपत आलाय त्यातला. बदलून घ्या."

"कळतं का हो असं?" मी विचारलं.

"म्हातारं माणूस जवळ जाऊन बोलल्याशिवाय ऐकत न्हाई ना, तसंच हाये ते."

मी हसून निघाले. रविवारी कुठं सेल शोधायचा, परत गेल्यावर बघू, असं ठरवून टाकलं.

जुन्नरला पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. शिवनेरी समोर दिसला आणि वन्संनी हात जोडले. बाजाराचा दिवस असल्यानं रस्ते माणसांनी फुलले होते. एका खाणावळीत मासवडी मिळाली. नावात मासा असला तरी ती शुद्ध शाकाहारी. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळी करायची, वड्या कापायच्या आणि बरोबर झणझणीत रस्सा. वन्संनी तीनदा रस्सा मागून घेतला आणि नंतर पुढचे दहा किलोमीटर पाणी पीत राहिल्या.

जुन्नर सोडून पश्चिमेला लागलो आणि रस्ता असा काही सुंदर झाला, की मी बोलणंच बंद केलं. एका बाजूला माणिकडोह धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला चावंडचा किल्ला, आणि मधून खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं), कापणी होऊन पिवळी पडलेली. वळणावर दुसरा गिअर टाकायचा, हॉर्न द्यायचा, मग तिसरा. प्रत्येक वळण नीट निघालं की मला वाटायचं, कुणीतरी पाठीवर थाप मारावी. वन्सं ती मारतही होत्या.

नाणेघाटाच्या तोंडाशी वारा एवढा, की पदर सावरण्यातच निम्मा वेळ गेला. जुन्या जकातीचा मोठा दगडी रांजण बघितला, गुहेतली न वाचता येणारी अक्षरं बघितली. आणि मग कड्याच्या टोकाशी बसून खाली पसरलेलं कोकण बघितलं. एवढं खोल आणि एवढं निळं मी काही बघितलं नव्हतं. परत आलो तर रिमोट सात-आठदा दाबावा लागला. वन्सं म्हणाल्या, "मंगल, आता कुठं थांबलो तर उघडीच ठेव गाडी. इथं कोण नेतंय?"

मी हो म्हटलं. पण चार महिन्यांची सवय. घाटघरला शाळेजवळच्या झाडाखाली गाडी लावली, उतरले आणि बोटानं आपोआप बटण दाबलं. दारं बंद झाली. तेवढं एक काम त्या सेलनं केलं आणि तो संपला. मला ते तेव्हा कळलं नाही.

थांबायचं कारण हिराबाई. जाताना त्यांना रस्ता विचारला होता, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "येताना च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई." चाळिशीच्या आत-बाहेरची, काटक बाई. घर शाळेला लागूनच. नवरा बबनभाऊ ओट्यावर विळा परजत बसले होते. आम्हाला घोंगडी अंथरून दिली, आणि हिराबाई चुलीसाठी काटक्या आणायला मागच्या सरपणाच्या ढिगाकडं गेल्या.

त्यांची हाक मोठी नव्हती. "आवं, चावलं मला," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही धावलो. पायाच्या अंगठ्याशेजारी दोन बारीक लाल ठिपके. बबनभाऊंनी काठीनं लाकूड उलटलं तर खाली फुरसं. हातभर लांबीचा, मातकट रंगाचा साप, दिसायला किरकोळ, पण विषारी.

वन्सं क्षणात बदलल्या. रश्श्यासाठी हट्ट करणारी बाई गेली आणि वॉर्डातली सिस्टर आली. हिराबाईंना त्यांनी जागेवर आडवं केलं. कुणी दोरी आणली, ती बाजूला टाकायला लावली. कुणी ब्लेड आणलं, तेही. "आवळायचं नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि लस टोचायला जुन्नर गाठायचं. दुसरं काही नाही." मग त्या हिराबाईंच्या पायातली जोडवी काढायला लागल्या. हिराबाईंनी पाय आखडला.

"जोडवी नगा काढू, बाई."

"पाय सुजेल, रुततील ती. मी माझ्या पदराला बांधून ठेवते. उद्या मीच घालीन परत."

हिराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. बबनभाऊंनी मान हलवली. साबणाचं पाणी लावून वन्संनी जोडवी काढली आणि खरोखरच पदराच्या टोकाला गाठ मारली.

गावातली एकमेव जीप बाजाराला गेली होती. एसटी संध्याकाळी. फोनला रेंज नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी किल्ली घेऊन पळाले.

बटण दाबलं. काही नाही. वीसदा दाबलं. मग साध्या किल्लीनं दार उघडलं, त्याबरोबर गाडी जी बोंबलायला लागली, की सगळं गाव गोळा झालं. चोराला पकडणारा तो भोंगा बंद होईना आणि इंजिन चालू होईना, कारण रिमोटनं परवानगी दिल्याशिवाय चालूच व्हायचं नाही, अशी त्याची रचना. आठ-दहा माणसांनी धक्का मारून गाडी उतारावरून पळवली. गाडी नुसतीच घरंगळली. कुणीतरी पाना आणून भोंग्याची वायर काढली, तेव्हा कुठं माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं. आठवडाभर हा रिमोट मला सांगत होता. मंचरला परक्या माणसानं सांगितलं होतं.

केसातली पिन काढून मी रिमोट उघडला. आत पन्नास पैशांच्या नाण्याएवढा चपटा सेल. तळव्यात चोळला, पदरात धरून गरम केला, परत घातला. तांबडा दिवा एकदा काजव्यासारखा मिणमिणला आणि गेला.

गर्दीतून शाळेचे गुरुजी पुढं आले. इथंच खोली घेऊन राहणारे, पस्तिशीचे, बोलायला हळू. त्यांनी सेल हातात घेऊन उजेडात धरला.

"मॅडम, असला सेल आमच्या शाळेत आहे."

"शाळेत?"

"कॉम्प्युटरच्या पोटात. गेल्या वर्षी कुणी देणगी दिली, पावसाळ्यात वीज पडून तो जळाला. नारायणगावचा मेकॅनिक उघडून बघताना म्हणाला होता, या सेलवर त्याचं घड्याळ चालतं. कॉम्प्युटर गेला, पण सेल आतच आहे."

मी आयुष्यात कुणाच्या मागं एवढी पळाले नसेन. गुरुजींनी वर्गाचं कुलूप काढलं, प्लास्टिकच्या कव्हराखालचा कॉम्प्युटर आडवा पाडला आणि स्क्रू काढायला घेतले. चार स्क्रू. चौथ्याची खाच झिजलेली. गुरुजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेवटी त्यांनी पत्रा धरून सरळ वाकवला. आत धुळीत तो सेल चमकत होता. आकडे दोन्हींवर सारखेच.

परत गाडीपाशी. सेल बसवला, बटण दाबलं. काही नाही.

मी रडायच्या बेतात होते. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "अधिकची खूण वर होती का खाली?" मी उलटा बसवला होता. पालथा केला, झाकण दाबलं, बटण दाबलं. भोंगा मुका होता, पण दिवे लुकलुकले. भोवतालची माणसं एकदम हसली, आणि मी किल्ली फिरवल्यावर इंजिन पहिल्या झटक्याला लागलं.

मागच्या सीटवर हिराबाई आडव्या, डोकं वन्संच्या मांडीवर, पायाला दोन फळ्या बांधलेल्या. पुढं बबनभाऊ. वन्संनी एकच सूचना दिली, "काही झालं तरी इंजिन बंद करू नकोस." सकाळी ज्या वळणांचं मला कौतुक होतं, ती आता मी मोजतही नव्हते. बबनभाऊ सांगत होते, "फुडं खड्डा हाये, डाव्या अंगानं. आता सरळ. आता म्हशी येत्याल." मागून वन्सं हिराबाईंशी बोलत राहिल्या, मुलं किती, भात किती झाला, वरई यंदा कशी आली. हिराबाईंची उत्तरं आखूड होत गेली, तसा मी पाय ॲक्सिलरेटरवर दाबत गेले.

ऊन उतरायच्या आत जुन्नरच्या दवाखान्याच्या दारात पोचलो. डॉक्टर जागेवर होते, लस होती. स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं. माझ्या लक्षात आलं, की गाडी दाराशी तशीच घुरघुरत उभी आहे आणि ती बंद करायला मला भीती वाटते आहे.

त्या रात्री आम्ही जुन्नरलाच राहिलो. नवऱ्याला फोन करून एवढंच कळवलं, की उशीर झालाय, उद्या येतो. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी बाजारपेठेत घड्याळाचं दुकान शोधलं. निसारभाई नावाचे वयस्कर गृहस्थ दुकान नुकतंच उघडत होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी रिमोट तपासला.

"चाचा, असा सेल किती दिवस चालतो?" मी विचारलं.

"दोन वर्षं चालतो, तीन चालतो. पण सेलचं वय कॅलेंडरवर नसतं, बेटा. बोटावर असतं. किती दाबता त्याच्यावर. शिवाय उन्हात गाडीत ठेवलात तर लवकर जातो, ओल लागली तर अजून लवकर. आधीच्या मालकानं केव्हा बदलला होता?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"एकदम नाही मरत तो," निसारभाई म्हणाले. "लांबून ऐकेनासा झाला, दोनदा दाबावं लागलं, तर समजायचं, निरोप आला. त्याच दिवशी बदलायचा. आणि एक जास्तीचा पाकिटात ठेवायचा, पण सुट्ट्या नाण्यांत नाही, कागदात गुंडाळून." नवा सेल त्यांनी बसवला. कॉम्प्युटरमधला काढलेला मला परत दिला. "हा अजून चांगला आहे. हाच जास्तीचा म्हणून ठेवा."

दवाखान्यात हिराबाई उशीला टेकून बसल्या होत्या. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, पण तोंडावर तरतरी. धोका टळल्याचं डॉक्टरांनी रात्रीच सांगितलं होतं. वन्संनी पदराची गाठ सोडली, पण सूज असल्यानं जोडवी घालता येईनात, तेव्हा ती हिराबाईंच्या मुठीत दिली.

मला काल रात्रभर जे टोचत होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, "हिराबाई, सेल संपत आलाय हे मला आठ दिवस कळत होतं. मंचरलाही एकानं सांगितलं. मी ऐकलं नाही. माझ्यामुळं तुमचा अर्धा तास गेला."

त्यांनी जोडव्यांची मूठ मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "फुरसं काय तुमी आणलं व्हतं का? गाडी मातर तुमी आणली व्हती."

बबनभाऊ खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि आमच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले.

दुपारी आम्ही परत निघालो. वन्सं सीट मागं करून गाढ झोपल्या. मंचरच्या गर्दीत कांद्याचे ट्रक कालच्यासारखेच उभे होते आणि मी त्यांच्यामधून गाडी काढत होते. मन मात्र उधाणलेलं होतं. नाणेघाट बघायला गेले होते, तो बघितलाही. त्याहून जास्त मी बघितली ती माणसं. झिजलेल्या स्क्रूशी झगडणारा एक शिक्षक, पदराला जोडवी बांधून घेणारी माझी नणंद, आणि विष चढत असताना वरईच्या पिकाची माहिती देणारी एक बाई. यंत्र आपल्याला आधी सांगत असतं, माणसंही सांगत असतात. ऐकायचं तेवढं आपल्याकडं असतं, आणि मी ते केलं नव्हतं.

घरी पोचल्यावर नवऱ्यानं दार उघडलं आणि विचारलं, "कशी झाली गं ट्रिप?"

मला कुठून सुरुवात करावी ते कळेना. मी म्हटलं, "आधी बैस. वेळ लागेल."