बोटांनी पाहिलेला चेहरा

आंजीच्या मालगुजारीणबाईंची मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, मग डोळेही गेले. ऐट मात्र तशीच! आमचे हे गावचे सुतार. पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी यांनी केलेला लाकडी नंदी बाईंनी चाचपला आणि म्हणाल्या, "रंग लावला असशीन, पण मले काय त्याचं? माह्या बोटाले हा काईच सांगत नाई."

झालं, हे पेटले. रंग सोडला, नक्षी सोडली, बोटांना कळेल असं लाकूड कोरू लागले. गाव फिदीफिदी हसलं. बाईंनी मात्र सांगितलं, "नांगर-वखर करनं सोड. तुह्या घरची ज्वारी माह्याकडून." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! त्या ज्वारीवरच यांचं कोरणं चाललं होतं.

मग बाईंनी बाईमाणसाचं लाकडी मुंडकं मागितलं. महिनाभर भरदुपारी हे डोळे मिटून माझा चेहरा चाचपायचे आणि कोरायचे. मी चिडायची, "अवो, भाकर करपून राह्यली!" हे म्हणायचे, "हालू नको." त्या महिन्यात यांनी डोळे उघडून माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

मुंडकं बाईंकडे गेलं. आठ दिवसांनी त्यांचा गडी माझ्यासाठी निरोप घेऊन आला, "बाई म्हणे, काल लय गोष्टी झाल्या, रोज येजो. अन् तुमच्या लेकीचं नाव त्यायले लय आवडलं."

बाप्पा! मी तर तिकडे फिरकलेही नव्हते. आणि लेक माझी माहेरी जन्मली, दोन दिवसांत गेली. तिचं मनात ठेवलेलं नाव मी यांनाही सांगितलं नव्हतं.

तशीच गेले. बाई मुंडकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, मी सुताराची बायको."

त्यांनी माझा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपला आणि हात झटकन मागे घेतला. "कोण वं तू? सुताराची बायको तर इथं माह्याजवळ आहे."

"मीच आहो ना, बाई!"

"नाई. जाय तू. सुताराले सांग, ज्वारी चालू राहीन."

रडतच घरी आले. यांना सगळं सांगितलं. हे हसले, "म्हातारी चळली." मला राग आला. यांचा हात ओढून मी माझ्या तोंडावर ठेवला, "मग तुमी सांगा!"

यांनी सवयीनं डोळे मिटले. बोटं कपाळावरून नाकावर आली, ओठांवर आली आणि थांबली. यांच्या कपाळाला आठी पडली.

मग डोळे न उघडताच म्हणाले, "थांब, पुन्हा पाहू दे."