आधी एकत्र, मग क्रम

तेलगावच्या बाजूला एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही, उगाच कुणाचं पित्त खवळायचं. तिथं ऊसनोंदीचं संगणकाचं काम रोहिणी बघते. धारूरची लेक, तेलगावची सून. तोडणीची यादी तिच्याच हातून निघते: ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तुटणार.

त्या दिवशी पाचला यादी फळ्यावर लागायची होती, आणि साडेतीनला धारूरची छबुबाई येऊन टेबलासमोर बसली. लागण गेल्या सालच्या जूनची, उसाला तुरा आलेला, आणि कच्च्या यादीत नंबर अठराशे चाळीस! तोवर उभ्या फडाचं वाळून पाचट झालं असतं. बाई रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या आधी लावलेला एक तरी ऊस दाव, मी उठून जाते."

रोहिणीनं शोधला. पहिल्या नंबरचा ऊससुद्धा छबुबाईच्या नंतरचा निघाला.

चूक तिचीच. कारखान्याचे तेलगाव, धारूर असे गट; प्रत्येक गटाची एक्सएमएल फाइल वेगळी येते, आणि 'आमच्या गटाची यादी आमची' हा गटवाल्यांचा जुना हट्ट. त्या हट्टापायी तिनं यादी काढायच्या क्वेरीत तेलगावची फाइल तारखेनं लावली, धारूरची वेगळी लावली आणि दुसरी पहिलीच्या शेपटाला बांधली. मग काय, धारूरचा पहिला तेलगावच्या शेवटच्याच्याही मागं! आधी दोन्हीकडच्या नोंदी एका रांगेत ओतायच्या, मग सगळ्या रांगेला मिळून क्रम लावायचा. काम दोन ओळींचं.

पण हात चालेना. कच्च्या यादीत नववा नंबर तिच्या सासऱ्यांचा, आप्पांचा होता. त्यांनी सकाळीच तोडणीची टोळी सांगून ठेवली होती, वर गावभर पेढे वाटले होते. शेतकी अधिकारी अमरसिंह दोनदा डोकावून गेले. रोहिणीला भीती वाटत होती, लई वाटत होती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिनं ओळी बदलल्या. छबुबाई पहिली आली. आप्पा सातशे बारावे.

तिनं अमरसिंहांना चूक सांगितली, बोलणी खाल्ली, सही घेतली. मग घरी फोन लावला.

"आप्पा, तुमचा नंबर मागं गेलाय. माझी चूक होती, ती मीच दुरुस्त केली."

मग आप्पांनी विचारलं, "पहिला कुणाचा हाय?"

"धारूरच्या छबुबाईचा."

"म्हंजी तुझ्या माहेरचा," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.