तिसऱ्या हाकेची ओ

गेल्या महिन्यात भर दुपारी रमेशचा, म्हणजे सुलूकाकीच्या पुतण्याचा, मला ऑफिसात फोन आला. काकी गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली म्हणून तो तिला टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला होता. डॉक्टर घाबरू नका म्हणाले होते, तीही शांत पडली होती, आणि एकाएकी तिनं बाजूच्या पडद्याकडे मान वळवली. "वैनी, कोणी बोलवल्यासारखी ती ओ म्हणाली. मग म्हणाली, इलंय. आणि बस... संपलं." आले, असं ती कोणाला म्हणाली, याचा त्याला अर्थ लागत नव्हता. मला लागला, आणि माणसांनी भरलेल्या त्या ऑफिसात माझ्या अंगावर काटा आला.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत सुलूकाकीची खोली आमच्या खोलीला लागून. नवरा मिलमध्ये होता, तो कधीच गेलेला, मूलबाळ नाही. त्यामुळे माझ्या सईवर तिचा हक्क माझ्यापेक्षा अंमळ जास्तच. घावणे केले की भिंतीपलीकडून हाक यायची आणि सई ताटली घेऊन पळायची. ही हाक म्हणजे साऱ्या चाळीचा चेष्टेचा विषय, कारण काकी कोणालाही बोलवायची ती तीनदा. "सई... सई... सई." एका हाकेला ओ देऊ नये, दुसरीलाही नाही, हे ती गावाहून घेऊन आली होती. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावतं, 'त्यांना' तिसरी हाक मारता येत नाही. ते म्हणजे कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी बँकेतली शहाणी, तिची यथेच्छ टर उडवायचे. फोनही तिसऱ्या रिंगलाच उचलतेस का, असं एकदा विचारलं, तर ती खरंच तसं करत होती.

सई पाच वर्षांची असताना तिला ताप आला. साधा ताप म्हणून मी औषध देऊन पट्ट्या ठेवत होते. दुपारी तिनं डोळे फिरवले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. नवरा कामासाठी नाशिकला होता. मी नुसती किंचाळले, पोरीला उचललं ते काकीनं. टॅक्सीत ती तिला कुशीवर धरून बसली होती आणि मी लालबागच्या सिग्नलला शिव्या घालत होते. हॉस्पिटलात मात्र आम्हाला थांबावं लागलं नाही. इंजेक्शन दिलं, आकडी थांबली, सलाईन लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ताप उतरायची वाट बघायची. पलंगाच्या दोन्ही बाजूंना हिरवे पडदे होते. बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं, स्ट्रेचरची चाकं वाजत होती, वॉर्डबॉय पेशंटची नावं पुकारत होता. मग एका क्षणी हे सगळंच थांबलं... आणि डावीकडच्या पडद्यामागून कोणीतरी हाक मारली.

"सई."

बाईचा आवाज होता, मायेचा. नर्स असेल म्हणून मी उठले, तर काकीनं माझं मनगट धरलं. सईचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठ उघडायला लागले होते. काकीनं तिच्या तोंडावर अलगद तळवा ठेवला. पुन्हा तीच हाक आली, तेवढ्याच मायेनं. आम्ही थांबलो. तिसरी आली नाही. तळव्याखाली सईचे ओठ हलत होते. तेव्हा काकी पडद्याकडे वळली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "ओ. पोरगी ल्हान हा. मी येतंय मागसून."

मी पडदा ओढला. पलीकडे नुसता पलंग होता, वर चादरही नव्हती. पडदा सोडून मागं वळले तेव्हा सईच्या कपाळावर घाम फुटला होता. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. तो औषधानं उतरला असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण ती हाक मीही ऐकली होती.

त्यानंतर काकीला नवीन सवय लागली. मासे साफ करताना, कपडे वाळत घालताना ती मध्येच थांबायची, गॅलरीच्या टोकाकडे बघायची आणि म्हणायची, "थांब गो, हातात काम हा." चाळ हसायची. मला हसू यायचं नाही. एकदा धीर करून मी विषय काढला, तर सईची दहावी होऊंदे, एवढंच ती म्हणाली. दहावी झाली, मग म्हणाली बारावी होऊंदे. सई कॉलेजात गेली त्या वर्षी काकी कामं लवकर उरकायला लागली होती, हे मला आता जाणवतं. तिचे उपकार फेडायचे राहिले असं म्हणायची पद्धत आहे. पण हे कसं फेडायचं असतं, कोणी सांगेल का मला?

तिच्या खोलीला कुलूप आहे. किल्ली आमच्याकडेच, दारामागच्या खिळ्याला. परवा रविवारी दुपारी मी हेच लिहीत बसले होते. सई खिडकीत वाचत होती. एकदम "ओ, आले" म्हणत ती उठली, मांडणीवरची ताटली घेतली, आणि दारापर्यंत जाऊन तिथंच उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"किती वेळा?" मी विचारलं.

"तीनदा," सई म्हणाली. "म्हणून तर ओ दिली."