तिकडच्यांचं जाणं ठरतं

घरात, कामावर आणि खालच्या किराणा दुकानात त्यांना सगळे 'तिकडचे' म्हणत. तोंडावर नव्हे, माघारी. हे नाव त्यांनी स्वतःच कमावलं होतं. भाजी आणायला गेले की म्हणायचे, तिकडे भाजीवाले असे अंगावर ओरडत नाहीत. नळाला पाणी बारीक आलं की, तिकडे बघा कसं धो-धो पाणी. पुतणीने नवे बूट आणले तर ते उलटे करून तळ बघायचे आणि म्हणायचे, बरे आहेत, पण तिकडे असली शिवण कुणी खपवून घेत नाही. तिकडे म्हणजे दुसरं एक शहर, गाडीने एका दिवसाच्या वाटेवरचं. तिथे तिकडचे आयुष्यात एकदाच गेले होते, सव्वीस वर्षांपूर्वी, कामाच्या प्रशिक्षणाला, चार दिवस.

चार दिवसांत माणूस शहराचं काय बघणार? उतरायची जागा, प्रशिक्षणाचा हॉल आणि मधला रस्ता. पण तिकडच्यांनी त्या मधल्या रस्त्यावर उरलेला जन्म काढला. रुंद फुटपाथ, रांगेत गुपचूप उभी राहणारी माणसं, हळू आवाजात बोलणारे दुकानदार आणि बागेतली बाकं. तिकडच्या बाकांना पाठ असते, हे ते दर दोन दिवसांनी सांगायचे. त्यांनी एक वही केली होती. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे 'इकडे', उजवीकडे 'तिकडे'. कुठलं शहर आपल्या स्वभावाला मानवेल हे शांत डोक्याने ठरवावं, भावनेच्या भरात नव्हे, असं त्यांचं म्हणणं. डावी बाजू तक्रारींनी खच्चून भरलेली, उजवी स्तुतीने, आणि सव्वीस वर्षांत निकाल काही लागला नव्हता.

निकाल लागू द्यायचाच नव्हता, हे खरं. वर्षातून एकदा ते तिकडच्या एखाद्या कवळ्यांच्या लॅबला नोकरीचा अर्ज लिहायचे. अक्षर मोत्यासारखं. अर्ज पाकिटात घालायचे, तिकीट लावायचे, आणि टपालपेटीत टाकायचं तेवढं राहून जायचं. ती सगळी पाकिटं कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून होती.

काम कवळ्या करण्याचं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे लॅबमध्ये यायचे. तिकडचे त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायचे, एकेक दात बसवायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून कवळी मोटरवर घासून चकचकीत करायचे. हाडाचा कारागीर माणूस. कोण डाव्या बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, कोण रागात जबडा आवळून बसतो, हे साचा नुसता हातात घेऊन सांगायचे. ज्यांचे ते साचे, ती माणसं मात्र त्यांना कधी भेटली नाहीत, आणि भेटावीत असं त्यांना वाटलंही नाही.

एकदा लग्नाचं जमत आलं होतं. मुलगी शाळेत शिकवायची, स्वभावाने शांत, हसली की बघत राहावं अशी. "संसार मांडायचा तो तिकडे गेल्यावरच, इथे कशाला पसारा," असं म्हणून तिकडच्यांनी तिला दोन वर्षं ताटकळत ठेवलं. तिने वाट बघितली आणि मग दुसऱ्याशी लग्न केलं. तिकडचे म्हणाले, बरं झालं, ती तिकडे रमली नसती.

तेव्हापासून ते धाकट्या भावाबरोबर राहत. फ्लॅट दोघांनी मिळून घेतलेला. एक खोली भाऊ-भावजयीची, खिडकीची खोली तिकडच्यांची. पुतणी चोवीस वर्षांची घोडी झाली तरी बाहेरच्या खोलीत घडीच्या पलंगावर झोपायची. नोकरी करायची घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात. दिवसभर दुसऱ्यांच्या खोल्या आखायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर आपले कागद पसरायचे, ताटं आली की गुंडाळायचे. तिकडच्यांचा तिच्यावर भारी जीव. ती नऊ वर्षांची असताना जिन्यात पडली आणि पुढचा दात अर्धा तुटला, तेव्हा त्यांनी रजा टाकून तिच्या मापाचा असा काही तुकडा करून डॉक्टरांकडे दिला की आजही कुणाला जोड दिसत नाही.

या पुतणीनेच घोळ केला. एका रविवारी पट्टी शोधताना तिच्या हाती ती पाकिटं लागली. ती कुणाला काही बोलली नाही. सगळ्यांत ताज्या अर्जाचा फोनवर फोटो काढला, तिकडच्या आठ लॅबचे पत्ते शोधले आणि आठही ठिकाणी तो धाडून दिला. तीन आठवड्यांनी एकीचं उत्तर आलं. तुमच्यासारखा हाताने दात बसवणारा माणूस आम्हाला शोधून मिळत नाही, पुढच्या एक तारखेला हजर व्हा, राहायला लॅबच्या वरचीच खोली देतो.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसल्यावर तिने ते उत्तर मोठ्याने वाचलं. तिकडच्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांना एकदम हलकं वाटलं. आता घरचे हैराण होतील. या वयात कुठे जातोस म्हणतील, आमचं कसं होणार म्हणतील. आपण दोन दिवस आढेवेढे घ्यायचे आणि मग या लोकांखातर थांबायचं. सव्वीस वर्षं ते दुसऱ्या कशासाठी बोलत होते? कुणीतरी एकदा 'जाऊ नको' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांनी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"अरे वा," भाऊ म्हणाला. "दादा, शेवटी झालं बाबा तुझ्या मनासारखं."

"भाऊजी, तुमच्यासाठी तेच गाव बरं," भावजय म्हणाली. "इथे तुम्हाला कधी मानवलंच नाही." आणि तिने त्यांच्या ताटात न मागता भाजी वाढली. असं ती एरवी कधी करत नसे.

"घाई नको," तिकडचे म्हणाले. "नीट विचार करायला हवा."

"सव्वीस वर्षं काय करत होतास मग?" भाऊ हसत म्हणाला. "वही आण गं त्याची. आपण सगळे मिळून करू विचार."

पुतणीने वही आणली. आणि मग त्या टेबलावर जे झालं ते बघवलं नसतं, पण ज्याने त्याने ते मजेत केलं. तिकडचे एकेक मुद्दा काढत गेले आणि तिघं त्यांना त्यांच्याच शब्दांनी गप्प करत गेले.

"आता इकडचे फुटपाथही सुधारलेत," तिकडचे म्हणाले.

"कुठले हो? परवाच नाही का तुमचा पाय मुरगळला?" भावजय म्हणाली.

"इथली हवा माझ्या छातीला सवयीची आहे."

पुतणीने पान उलटलं. "'इकडे हवा नाही, धूर आहे.' तुझंच अक्षर आहे, काका."

"तिकडे ओळखीचं कुणी नाही."

"'तिकडे कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही, हे सुख.' खाली दोन रेघा मारल्यात."

तिकडचे पाणी प्यायले. मग हळूच म्हणाले, "इथे माझी माणसं आहेत."

पुतणीने ते मनावर घेतलं. डाव्या रकान्यावरून तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. "हे कुठे लिहिलेलं नाही रे," ती म्हणाली. तिने ते खवचटपणे म्हटलं नव्हतं. ती खरोखरच शोधत होती.

कामावर तरी लोक अडवतील, ही आशा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकली. लॅबच्या मालकाने राजीनामा वाचला आणि त्याचा चेहरा असा उजळला की तो लपवायला त्याला खाली वाकून बुटाची नाडी बांधावी लागली. नाडी बांधलेलीच होती. दात आपोआप घडवणारं मशिन घ्यायचं त्याने मागच्याच महिन्यात ठरवलं होतं आणि तिकडच्यांना हे कसं सांगावं या विचाराने त्याची झोप उडाली होती. "तुमच्या स्वप्नांच्या आड यायला आम्ही कोण?" तो म्हणाला. शेजारच्या टेबलावर वीस वर्षं दात बसवणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "तुमची लांब चिमटी नेणार, की ठेवून जाणार?" त्यांनी ठेवून जातो म्हटल्यावर बाईंनी ती तेव्हाच उचलून आपल्या खणात टाकली. निरोपाला सगळ्यांनी मिळून चाकांची बॅग दिली, सगळ्यांत मोठी.

मग तिकडच्यांनी दुसरा मार्ग धरला. ते इकडचं कौतुक करू लागले. आजची भाजी काय ताजी मिळाली. खालचा दुकानदार बोलायला फटकळ, पण मनाने चांगला. पाठ नसलेल्या बाकावर कसं दोन्ही बाजूंना तोंड करून बसता येतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस लहान मुलासारखा सगळ्यांचे चेहरे बघत चांगलं चांगलं बोलत होता, आणि कुणी मान वर करून बघत नव्हतं. "जायच्या वेळी असं होतंच," भावजय भावाला म्हणाली. "हळवं होतं माणूस." तिने शेजारणीकडून जुने खोके मागून आणले होते.

जायच्या आधीच्या शनिवारी पुतणी टेप घेऊन त्यांच्या खोलीत आली. "काका, हे टोक भिंतीला धर ना," ती म्हणाली. त्यांनी धरलं. ती खिडकीपर्यंत गेली, माप बघितलं आणि हातातल्या कागदावर लिहिलं.

"तू का पाठवलास माझा अर्ज?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, ती म्हणेल, तुझ्या सुखासाठी. तेवढ्यावरही त्यांनी भागवलं असतं.

"खरं सांगू?"

"सांग ना."

"मला सातवीत चित्राचं बक्षीस मिळालं होतं. तू म्हणालास, तिकडे बालवाडीतली पोरं असं काढतात. माझा पहिला पगार झाला, मी तुम्हाला सगळ्यांना जेवायला नेलं. तू सगळा वेळ तिकडचे वेटर कसे असतात ते सांगत बसलास. आईने हे पडदे शिवले तेव्हाही तेच. घरात काही चांगलं झालं ना काका, की आम्ही आधी तुझ्या तोंडाकडे बघतो. आता हा काय म्हणणार. मी लहान होते तेव्हापासून बघते." ती दुसऱ्या भिंतीकडे वळली. "तू वाईट नाहीस. पण आपण चुकीच्या जागी जन्मलोय, असं मला वीस वर्षं वाटत आलं. ते तू घरात नसल्यावर वाटतं का, मला एकदा बघायचंय."

तुझा दात मी केला, असं तिकडच्यांच्या मनात आलं, पण ते म्हणण्याची त्यांना लाज वाटली.

"टोक सोडू नको," पुतणी म्हणाली. "माप चुकेल." त्यांनी टोक पुन्हा भिंतीला दाबून धरलं.

इतकं ऐकल्यावर अभिमानी माणूस त्याच दुपारी निघून गेला असता. तिकडच्यांचा अभिमान मात्र बोलण्यापुरताच होता, तो संपला होता. त्यांना राहायचं होतं. कसंही, कोपऱ्यात, बाहेरच्या खोलीत घडीच्या पलंगावर चाललं असतं. पुन्हा 'तिकडे' हा शब्द उच्चारणार नाही, अशी शपथ घ्यायलाही ते तयार होते. रविवारी दुपारी, शेवटचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं ठरलेलं असताना, भाऊ खिडकीच्या खोलीला कुठला रंग द्यावा ते बोलत होता. तो पाणी प्यायला थांबला तेव्हा तिकडचे म्हणाले, "मी काय म्हणतो. नाही गेलो तर?"

भावजयीचा हात भाताच्या भांड्यावरच थांबला. भाऊ टेबलावरच्या ओल्या डागावर बोट फिरवत राहिला. पुतणीने डोळे मिटून घेतले आणि उघडलेच नाहीत. तिकडच्यांनी आधी भावाकडे बघितलं, मग भावजयीकडे, मग पुतणीकडे. तिन्ही जबडे घट्ट आवळलेले होते. एवढं वाचायला त्यांना साच्याची गरज नव्हती.

"गंमत केली," ते म्हणाले. "तुमचे चेहरे बघायचे होते."

"दादा, तू म्हणजे ना," भाऊ म्हणाला आणि टेबलावर हात आपटून हसू लागला. पुतणीने डोळे उघडले आणि तीही हसली, काकाच्या पाठीत तिने एक हलका धपाटाही घातला. तिकडचे सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. भावजयीला तर हसू आवरेना, शेवटी तिने हातरुमालाने डोळे पुसले. तिकडच्यांच्या जाण्यापायी त्या घरात कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेवढंच.