डेलियाच्या टपावरची होडी

आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनेमाराच्या त्या किनाऱ्यावर कुणाला कपाट हलवायचं असो, नाहीतर लग्नाचा पलंग, लोक डेलिया फोलनच्याच दाराशी येत. तिची गाडी लाल, इवलीशी. टप इतका गुळगुळीत की दुकानातलं एकही कॅरिअर त्यावर बसत नसे. डेलियाचं त्यावाचून काही अडलं नाही. लहानपणापासून गाढवाच्या पाठीवर जळणाच्या टोपल्या बांधलेली बाई ती.

"गाढव बरं," ती म्हणे, "ओझं कललं की लाथ मारून सांगतं. गाडी बिचारी मुकी."

गवत ठासलेली दोन पोती टपावर आडवी टाकायची, त्यावर ओझं. पुढचा-मागचा दोर बंपरला. मधला दोर मात्र ती खिडक्यांतून आत घेई आणि आत बसून स्वतः गाठ मारी. दारातून घेतला तर दोर चेपून कापला जातो, म्हणून सगळे आत बसल्यावर दारं लावून, खिडक्यांतूनच. मग गाठ सुटेपर्यंत एकही दार उघडत नसे. म्हणून निघण्याआधी ती सगळ्यांना दरडावून विचारी, "मोकळे होऊन आलात ना?"

होड्यांच्या शर्यतीच्या सकाळीच फेस्टी मॅनियनच्या ट्रॉलीचा आस मोडला. त्याची होडी म्हणजे लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून डांबर फासलेली, फेस्टीनं हिवाळाभर खपून बांधलेली. तो आणि त्याचा मेहुणा बार्टली ती खांद्यावर घेऊन डेलियाच्या अंगणात हजर झाले.

"अगं, ही तुझ्या गाडीपेक्षा लांब आहे," बार्टली म्हणाला.

"माझा नवरापण माझ्यापेक्षा लांब होता. नांदवला ना? उलटी करा ती."

होडी पालथी चढली. मागच्या टोकाला डेलियानं आपला लाल रुमाल बांधला आणि गाडी निघाली. समोरच्या काचेवर होडीचं नाक छपरासारखं आलेलं. दोर वाऱ्यात गुणगुणायला लागला तशी ती थांबली, खिडकीतून हात काढून दोराला पीळ दिला. आवाज बंद.

समुद्राला लागून जाणाऱ्या उघड्या रस्त्यावर मात्र वारा होडीखाली शिरला. गाडीसकट सगळे हेलकावले. डेलियानं दोरावर तळवा ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि गाडी मागं घेतली.

"अगं, कुठं निघालीस?" फेस्टी ओरडला.

"डोंगरामागच्या रस्त्यानं."

"तो केवढा फेरा! शर्यत संपेल तोवर! घट्ट आवळ आणि चल."

"आणखी आवळलं तर होडीच्या पट्ट्या मोडतील. नाही आवळलं तर ती उडेल. फेस्टी, पाण्यात तू म्हणशील तसं. रस्त्यावर मी म्हणेन तसं."

फेस्टीला उतरून निघून जायचं होतं, पण दार उघडणार कसं? तो फुगून बसला. पुढं मेंढ्यांच्या कळपामागं गाडी रांगायला लागली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. डेलियानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

किनाऱ्यावर पोचले तर काय, गर्दी तशीच उभी, एकही होडी पाण्यात नाही. त्याच वाऱ्यापायी शर्यत लांबली होती. डेलियानं गाठ सोडली. फेस्टी उतरला तो थेट होडीकडं. बोटांनी सगळी कड चाचपली, कुठं चरासुद्धा नव्हता. तो डेलियाकडं वळला आणि एवढंच म्हणाला, "चहा घेतेस?"

"साखर जास्त सांग."

वारा पडल्यावर शर्यत झाली. फेस्टी-बार्टली दुसरे आले. बक्षीस घेताना फेस्टी सगळ्यांदेखत म्हणाला, "आम्हाला पाण्यापर्यंत आणलं डेलियानं. वल्ही काय, कुणीही मारतं."

टाळ्या पडल्या. डेलिया कान लाल होईतो लाजली. तेवढ्यात पलीकडच्या गावचा एक शेतकरी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, माझं गोठ्याचं दार न्यायचंय."

"रुंद किती?" डेलियानं विचारलं आणि कप खाली ठेवला.