वेलमाराचं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चमध्ये जाळीपलीकडे बसलेल्या फादरांनाही नाही, आणि तिथं तर मी पापं कबूल करायला जन्मभर गुडघे टेकत आले. राग आला, कंटाळा केला, शाळेतल्या मुलांना नको तेवढं मारलं, एवढं पुटपुटून उठायची. खरं होतं ते आत तसंच राहायचं. आज तुम्हाला का सांगतेय? नीट माहीत नाही. तुम्ही शेजारी बसलात, घाईत नाही आहात, एवढं मला पुरलं.

आधी खेळाचं सांगते. ते सांगणं सोपं आहे, आणि त्यात माझं कौतुकही झालं होतं.

मी उत्तनला शिकवायला आले तेव्हा विशी नुकतीच ओलांडली होती. आईवडील मला आठवतही नाहीत. वसईकडे सिस्टरांच्या बोर्डिंगात वाढले. उत्तनला शाळेला लागून एक खोली मिळाली, आणि खोलीच्या मागच्या अंगणात पावलीन मिळाली. नवीनच लग्न होऊन आलेली, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. नवरा इनास होडीवर जायचा. पहिल्याच दिवशी तिनं माझी चूल पाहिली, हसली, आणि कालवणाचं भांडं आणून ठेवलं. मला घर कसं असतं ते तेव्हा कळलं, असं म्हटलं तर तुम्हाला अति वाटेल. पण तसंच होतं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या असायच्या. पुरुषांना काम नसायचं. ओट्याओट्यावर पत्त्यांचे डाव. मुलं तेच बघायची आणि शाळेत चिंचोके लावून खेळायची. आमचे म्हातारे फादर मुलांच्या हातातले पत्ते हिसकावून चुलीत घालायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, फादर, हिसकावण्यापेक्षा दुसरे पत्ते देऊ या की—संतांचे. ते एवढंच म्हणाले, कर.

पहिला खेळ अगदीच फसला. राजा-राणीच्या जागी मी संत घातले होते, मोठा संत लहानाला मारतो असा. दोन मुलं संत पीटर मोठा की संत पॉल यावरून एकमेकांच्या अंगावर गेली. फादर म्हणाले, स्वर्गात कुणी कुणाला मारत नाही गं. मग मी खूप विचार केला आणि खेळ उलटा केला. संतानं संताला जिंकायचं नाही; संतानं संकटाला जिंकायचं. अर्धी पानं संकटांची, अर्धी संतांची. एकानं संकट टाकायचं—वस्तू हरवली, दात ठणकतो, डोळे आले, वीज कडाडते. ज्याच्या हातात त्या संकटाचा संत असेल त्यानं तो खाली ठेवायचा आणि त्याची गोष्ट सांगायची. गोष्ट आली तर डाव त्याचा. नाही आली तर दुसऱ्याचा.

बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा, वर तांदळाच्या खळीनं चिकटवलेला कागद. निळा रंग कपड्यांच्या निळीचा, पिवळा हळदीचा. पावलीन कोयत्यानं पुठ्ठा कापायची, माझ्या कातरीपेक्षा सरळ. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पान तिच्यासमोर धरायचं. चित्रावरून संत तिला ओळखता आला तरच पान पास. सेंट अँथनीच्या हातात बाळ, सेंट रॉकजवळ कुत्रा. गळ्यात काटा अडकला की धावून येणारा सेंट ब्लेज गावात सगळ्यांचा लाडका झाला. मासळी खाणाऱ्या गावात दुसरं काय होणार?

एका दुपारी पानं मांडून बसलो होतो. पावलीननं सगळी संकटं एकदा बघितली, मग विचारलं, "आनि जी किनाऱ्यावर उभी ऱ्हाते, तिचं पान कुठं हाय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. होडीचा माणूस नव्हे—त्याची वाट बघणारी.

मी फादरांचं जाडजूड पुस्तक मागून आणलं. खलाशांचे संत होते, कोळ्यांचे होते, बुडणाऱ्यांचेही होते. किनाऱ्यावर नुसतं उभं राहणारीचं मला कुणी सापडलं नाही. असेलही कुणी, मी कितीसं शोधलं? चर्चचा सण जवळ आला होता, खेळ तेव्हा दाखवायचा होता. आणि संकटाचं चित्र माझ्या मनात तयार होतं, तेही इतकं चांगलं, की ते सोडवेना. मग मी एक संत बनवली.

हो—बनवली. जुन्या पोर्तुगीज प्रार्थनांतले दोन शब्द जोडले: वेला म्हणजे मेणबत्ती आणि शीडही, मार म्हणजे समुद्र. सांता वेलमारा. तिची गोष्टही रचली. नवरा समुद्रावर गेला, ती खडकावर कंदील घेऊन उभी राहिली. केस पांढरे होईपर्यंत उभी राहिली. लोक म्हणाले दुसरं घर कर, तिनं नाही केलं. शेवटी देवानं नवऱ्याची होडी आणि तिला एकाच दिवशी आपल्या किनाऱ्याला लावलं. चित्रात मी तिला लुगडं नेसवलं. सगळ्या पानांत ते पान देखणं झालं.

फादरांनी एकेक पान तपासलं. तिथं थांबले. ही कोण? मी म्हटलं, बोर्डिंगात एक म्हातारी पोर्तुगीज सिस्टर हिच्याबद्दल सांगायची. माझा आवाज जराही हलला नाही. त्यांनी कपाळ चोळलं, म्हणाले, मला कशी आठवत नाही—वय झालं. आणि पान बाकीच्यांत ठेवून दिलं. त्या भल्या माणसाला मी त्याच्याच म्हातारपणावर संशय घ्यायला लावला. पण तुम्हाला वाटत असेल की मी सांगतेय ते हेच, तर हे नव्हे. हे अजून लहान आहे.

खेळ गावाला आवडला. सणाच्या दिवशी शाळेच्या ओसरीत म्हातारे पोरांबरोबर खेळले. घराघरातून पुठ्ठे येऊ लागले—टीचर, आमाला पन बनवून दे. मी आयुष्यात एवढी सुखी कधी नव्हते. त्या गावानं मला, कुणाच्याच नसलेल्या मुलीला, आपल्यात घेतलं ते त्या पत्त्यांमुळे. त्याबद्दल मी आजही रोज देवाचे आभार मानते, आणि मानताना थोडी चाचरते.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यानंतरची गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन होड्या निघाल्या होत्या. वारा फिरला. बाकीच्या होड्या कशाबशा परतल्या, इनासची नाही. सांतान म्हणून एक तरुण होता, इनासबरोबर लहानाचा मोठा झालेला. तो इतरांनी नाद सोडल्यावरही दिवसेंदिवस शोधत राहिला. हाती लागली फक्त होडीची एक फळी.

पावलीन रडली नाही. माझ्या खोलीत आली, पत्त्यांच्या डब्यातून ते पान शोधून काढलं आणि म्हणाली, "टीचर, हिची प्रार्थना कशी करायची ती मना शिकव."

तेव्हा सांगता आलं असतं. कुठल्या तोंडानं? पण सांगता आलं असतं. मी तिला जवळ बसवलं आणि प्रार्थना शिकवली. म्हणजे तिथंच रचली, ओळीमागून ओळ, आणि ती माझ्यामागून म्हणत गेली. पान तिच्या घरातल्या अल्तारावर, क्रुसाशेजारी गेलं. मी मनाशी म्हटलं, आत्ता आधार आहे, पुढं दुःख ओसरलं की सांगू.

पुढं काय झालं ते ऐका. पुढं पावलीननं मला सांभाळलं.

रॉकेल मिळेनासं झालं तर आपल्या वाट्याचं माझ्या दिव्यात ओतायची, टीचरला वाचायचं असतं म्हणून. मला विषमज्वर झाला तेव्हा शाळेचे लोक उंबऱ्यातूनच विचारून जायचे. ही आत असायची. पेज भरवली, अंग पुसलं, गळणारे केस विंचरून वेणी घातली. आणि उशाशी बसून वेलमाराची प्रार्थना म्हटली—मीच रचलेली, माझ्यासाठी. तापात मी ती ऐकत होते. मी जगले. कुणाचे आभार मानायचे होते? मी पावलीनचे मानले, अजून मानते. तिच्यानंतर मला तसा कुणी हात लावलेला नाही.

आमचा दिवस एक झाला. सकाळी ती टोपली घेऊन बाजारात, मी शाळेत. संध्याकाळी एकच चूल. ती बोंबील साफ करायची, मी वह्या तपासत तिला वाचून दाखवायची. मुलं मला टीचर म्हणत आणि तिला टीचरची पावलीन.

काही वर्षं गेली. सांताननं तिला मागणी घातली. वाईट माणूस नव्हता हो. दारू नाही, भांडण नाही. इनासच्या आईचं छप्पर दर वर्षी न बोलता शाकारून देणारा. पावलीनला तो आवडत नव्हता असंही नाही. त्याचं नाव निघालं की ती पदर सारखा करायची. मी पाहिलं होतं. पण तिनं नाही म्हटलं. मला येऊन सांगितलं—वेलमारा केस पांढरे होईपर्यंत उभी राहिली, मी एवढ्यात कशी बसू? मी काय केलं? चुलीत लाकूड सारलं.

म्हातारे फादर तोवर वारले होते. सांतान नव्या फादरांकडे गेला. त्यांनी पुस्तकं चाळली, म्हणाले अशी संत मला कुठं दिसत नाही. सांताननं हे पावलीनला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली की टीचर खोटं बोलणार नाही. म्हणून तो माझ्याकडे आला. मी किनाऱ्यावर होते, वाळत घातलेल्या मासळीच्या रांगांपाशी. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात धरलं.

"टीचर," तो म्हणाला, "तुमी सांगाल ते मी मानीन. ती सांता खरी हाय?"

एक शब्द. नाही म्हटलं असतं तर माझी अब्रू गेली असती, नोकरीही गेली असती. तुम्ही म्हणाल घाबरली बिचारी. नाही. तेच तर मला सांगायचंय. त्या क्षणी मला ना नोकरी दिसली, ना फादर. मला माझी खोली दिसली—संध्याकाळची, चूल न पेटलेली. पावलीन त्याच्या घरी गेलेली. मी बोर्डिंगातल्यासारखी पुन्हा एकटी. हे मला स्पष्ट दिसलं आणि मी स्पष्ट म्हटलं,

"हाय."

मी त्यांची भाषा बोलत नसे. तेव्हा बोलले, त्याला पटावं म्हणून.

त्यानं मान हलवली. मग तिचं बरोबर हाय, म्हणाला आणि गेला. पुढल्या वर्षी त्यानं गोराईची मुलगी केली. लग्नात पावलीन पुढं होऊन नाचली. त्यांची मुलं झाली ती आमच्या अंगणात खेळली, आणि पावलीन एकेकाला मांडीवर घेऊन अंगाई म्हणायची. इतक्या गोड आवाजात, की मी आत जाऊन बसायची.

ती दुःखी होती का? नव्हती, असं म्हणणं मला फार सोयीचं आहे. ती हसायची, भांडायची, बाजारात कुणाला हार जायची नाही. पण तिला दुसरं काय मिळालं असतं, ते मी तिला बघूच दिलं नाही. तिचे केस लवकर पिकले. पहिली पांढरी बट दिसली तेव्हा तिनं ती मला कौतुकानं दाखवली.

किती वर्षं मी तिच्या हातचं जेवले. त्या प्रत्येक घासाची मी ऋणी आहे, हे जितकं खरं तितकंच मी तिला फसवलं तेही खरं. दोन्ही एकाच ताटात होतं. मला वेगळं काढता आलं नाही, आणि आता मी काढायला बघतही नाही. सांगून झालं की हलकं वाटतं म्हणतात. मला तसं वाटत नाहीये. वाटावं असं मागणंही नाही.

ती शेवटची आजारी पडली तेव्हा मी तिच्यापाशी होते. दुपार होती, बाहेर सांतानचा मोठा मुलगा जाळं विणत बसला होता. ती माझा हात धरून पडली होती. बऱ्याच वेळानं डोळे उघडले.

"टीचर," ती म्हणाली, "तू मना कवा एकटी पडू दिली न्हाय."

मी म्हटलं, "झोप आता."

तिनं माझा हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.